सातबाऱ्यावर नसलेल्या वयनीस

प्रिय वयनी,

'वहिनी' असं शुद्ध लिहायला हवं होतं. जन्मभर शाळेच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या अर्जांतल्या वेलांट्या दुरुस्त केल्या मी. पण तुला हाक मारताना तोंडात जे आलं, तेच कागदावर येऊ दे. आता तू नसताना कशाला नवीन शिष्टाचार?

तू गेलीस त्याला दोन कार्तिक होऊन गेले. एवढ्या काळात एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक काय, असं विचारशील. गेल्या रविवारी दादरला, भरल्या सभागृहात, माझ्या खांद्यावर शाल घातली गेली. 'आदर्श शेतकरी' म्हणून! हस, नाहीतर रागाव, पण आधी सगळं ऐकून घे.

दादरची काही मंडळी आहेत, गावातल्या घरच्या शेतीचा माल थेट घेतात. दुकान नको, दलाल नको. तुझ्या लेकीने, सुलूने पिकवलेला वालय तांदूळ गेली दोन वर्षं माझ्याच हातून त्यांच्याकडे जातो. पहिल्या वेळी त्यांनी अर्जासोबत सातबारा मागितला. मी जोडला. त्यावर नाव माझं. मग पिशवीवर छापून आलं, 'उत्पादक : श्री. मनोहर'. मी ती पिशवी नलिनीला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही कुंडीतली तुळस जगवू शकत नाही, आणि उत्पादक?" दोघंही हसलो. तेव्हा ती गोष्ट हसण्यासारखीच वाटली होती, वयनी.

सभागृहात एक मोठे अधिकारी बोलले. चांगलं बोलले, खोटं का सांगू! म्हणाले, दोन-चार गुंठे, एक-दोन एकर कसणारी घरंच उद्या आपल्याला खाऊ घालणार आहेत. तीच जुनं बियाणं राखतात, तीच मातीला जपतात, धोरण ठरवताना त्यांना मध्यभागी बसवलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं.

शाल, नारळ, तुळशीचं रोप. माइक हातात आला आणि मी काय केलं असेल सांग? कविता म्हटली! माझीच, चौथीत असल्यापासून घोळवत असलेली. हिरवा शालू नेसलेली शेतं, डोलणारी कणसं, वाऱ्याची शीळ. आवाज अजून बरा लागतो माझा. लोक खूश.

मग पहिल्या रांगेतून एक कॉलेजची मुलगी उठली. वही-पेन घेऊन. "काका, लावणी करताना दोन रोपांत तुम्ही किती अंतर ठेवता?"

वयनी, मला माहीत नव्हतं.

वीत? हात? चार बोटं? मी वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. आणि नजर खाली आणली तेव्हा मागच्या दाराशी तू उभी होतीस. कंबरेला पदर खोचलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर, हात लोंबकळत सोडलेले, चिखलाचे हात माणूस अंगापासून दूर धरतो ना, तसे. वाट बघत होतीस, मी काय सांगतो त्याची.

"बाळ, ते अंतर प्रेमानं ठरतं," असं मी म्हणालो.

टाळ्या पडल्या! काय सांगू तुला, सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. त्या मुलीने मात्र पेन बंद केलं आणि ती खाली बसली. मी पुन्हा दाराकडे पाहिलं, तर तिथे चहाचे कप गोळा करणारी बाई होती. आधीही तीच होती ना? मी तिला जवळ जाऊन बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून घरात सूप वाजतं.

आमची चाळ पाडून जो टॉवर झाला ना, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर राहतो आम्ही. तू एकदाच आली होतीस, लिफ्टमध्ये नलिनीचा हात घट्ट धरून. खाली लालबागच्या मसाल्याच्या गिरण्या, त्यांचा ठसका एवढ्या वर येत नाही. वर काहीच येत नाही. पण दुपारी दोनच्या सुमाराला, नलिनी पडलेली असते तेव्हा, हॉलच्या खिडकीपलीकडून आवाज येतो. फट्-फट्, मग एक लांब सरकन, मग पुन्हा फट्-फट्. पडवीत बसून तू पाखडायचीस तसा. शेवटच्या झटक्याला तू सूप किंचित डावीकडे वळवायचीस, तो झटकासुद्धा.

नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, "कबुतरं आहेत हो एसीच्या मागे."

असतील. पण कबुतरांना तो डावीकडचा झटका कुणी शिकवला?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी सहावीत होतो. दादा गिरणीच्या पाळ्यांत, वर्षातून दोनदा येणारा. त्यामुळे दादापेक्षा तुझा सहवास मलाच जास्त. तू चुलीशी, मी उंबऱ्यावर पाठ्यपुस्तक घेऊन, मोठ्याने कविता म्हणत. तू ऐकत असायचीस की नाही, कळायचं नाही. एकदा मी माझी पहिली कविता ऐकवली, हाच तो हिरवा शालू. तू निखारे मागे ओढत म्हणालीस, "भावजीनू, शालू नेसान चिकलात कोण उतारता?"

मी रुसलो होतो. पण खरी समीक्षा तीच होती गं! पुढे कुणी इतक्या थोडक्यात केली नाही.

तुझं एक काम मात्र मला कवितेसारखं वाटायचं आणि त्यावर मी कधी लिहिलं नाही. कापणीच्या आधी तू एकटी शेतात उतरायचीस, तांबड्या दोऱ्यांचे तुकडे दातांत धरून. एकेक लोंबी हातावर घेऊन बघायचीस, एखादा दाणा चावायचीस, आणि मनास आली की तिच्या देठाला दोरा बांधायचीस. दोरा बांधलेल्या लोंबीला कुणी विळा लावायचा नाही. ती पुढच्या वर्षाची. मग ते दाणे वाळवून, पेंढ्याच्या मुडीत घट्ट आवळून चुलीवरच्या फळीवर. धूर लागून मुडी काळी व्हायची, आत बियाणं शाबूत. आजेसासूपासून आलेलं वालय तू असं राखलंस. गावात सगळ्यांनी सोसायटीचं पाकिटातलं बियाणं घेतलं तेव्हाही राखलंस. एक वर्ष जरी पेरलं नसतं तरी पुढे त्याची उगवण कमी झाली असती, आणि दोन-तीन वर्षांत ते संपलंच असतं. संपलं नाही. कारण तुझा एकही पावसाळा चुकला नाही. तापात नाही, सुलूच्या वेळी नाही, दादा गेला त्या वर्षीसुद्धा नाही.

आणि या सगळ्याचा मालक कोण? मी!

बाबा गेले तेव्हाची ती दुपार आठवते? दादा त्याआधीच छातीच्या दुखण्याने गेलेला. तलाठी पडवीत बसले होते. म्हणाले, "घरातला कर्ता पुरुष आता तुम्हीच. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून तुमचं एकच नाव घालू. बाकीची मागाहून लावता येतील." तेव्हा असंच चालायचं सगळीकडे. एका नावाच्या मागे अख्खं घर उभं करायचं. मी सही केली. तेवढ्यात तू आतून चहा घेऊन आलीस. तलाठ्यांनी कप घेतला, तुझं नाव विचारलं नाही. आणि मी, माझ्या तोंडात काय होतं गं? मी का नाही म्हणालो की कसणारी ही आहे?

'मागाहून' हा केवढा मोठा शब्द आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

वादळात भात आडवं झालं त्या वर्षाची गोष्ट मला सुलूने सांगितली, तू नाही. नुकसानीची पाहणी करायला साहेब आले. तू गुडघाभर पाण्यात उभी. त्यांनी कागदात बघून विचारलं, "खातेदार कुठे आहेत?"

"मुंबैक."

"मग तुम्ही कोण?"

आणि तू म्हणालीस, "मी? मी हय रवतंय."

मी इथे राहते. एवढंच! वयनी, या तीन शब्दांसाठी मी रात्रंदिवस कवितेचे कागद फाडले असते, तरी असं काही सुचलं नसतं. पण ही काही सुचलेली ओळ नव्हती. तुझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतंच. बायको म्हणावं तर नवरा नाही, मालकीण म्हणावं तर कागद नाही, शेतकरी म्हणावं तर साहेबांच्या यादीत नाही. त्यांच्या यादीतला शेतकरी तेव्हा लालबागला खुर्चीत बसून टीव्हीवर वादळ बघत होता. वर त्याच्या मोबाइलवर संदेश आला, 'प्रिय शेतकरी बंधू, काळजी घ्या.'

त्या वर्षानंतरच तू मला पहिल्यांदा म्हणालीस ना? गणपतीत. आरतीची ताटं धुऊन झाल्यावर, पदराला हात पुसत. "भावजी, तुमची एक सही होई. माजा नाव लावूक." बायकांचा बियाण्याचा गट निघाला होता, त्यात बसायला सातबाऱ्यावर नाव लागत होतं. मी म्हणालो, "अगं, आता सगळं बंद. पुढच्या खेपेला करूया."

खरंच बंद होतं! गणपतीत तलाठी कुठला सापडायला? तो त्याच्या गावी, त्याच्या गणपतीला. दुसऱ्या वर्षी आलो, पुन्हा गणपतीत. मग एकदा शिमग्याला, तेव्हाही सुट्टी. आम्ही चाकरमानी सणाला येणार, आणि सणाला कचेरी बंद. चौथ्या खेपेला, पुन्हा गणपतीतच, तू हसून म्हणालीस, "तुमचो पुढचो टायम गणपतीकच येता." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

पण आज तुझ्यापुढे खोटं बोलवत नाही. कचेरी बंद होती म्हणून सुटलो, असं मला प्रत्येक वेळी आतून वाटायचं. साधा मंगळवार बघून यायला मला कुणी अडवलं होतं? निवृत्त माणूस मी! भीती वाटायची, वयनी. लालबागला मी कोण? बाविसाव्या मजल्यावरचा एक म्हातारा, ज्याला वॉचमनसुद्धा 'अंकल, किस फ्लोर?' विचारतो. चाळ गेली, गिरणीचा भोंगा गेला, ज्या शाळेच्या खिडकीतून पाचवीच्या वर्गाच्या कविता ऐकत मी पगारपत्रकं लिहिली तिथे आता मराठीच्या तुकड्या उरल्या नाहीत. उरला तो सातबाऱ्याचा कागद. अधूनमधून काढून वाचायचो मी तो. गाव, गट क्रमांक, मग माझं नाव. तेवढं वाचलं की वाटायचं, मी कुठला तरी आहे. ते नाव तुला दिलं असतं तर मी कुठला राहिलो असतो?

यासाठी तुला थांबवलं. इतक्या क्षुद्र गोष्टीसाठी.

आणि तू गेल्यावर? कापणी उरकून, बियाण्याची मुडी बांधून मगच पडलीस. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायची होती. अक्षर चांगलं म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. नाव, वय, पत्ता. पुढचा रकाना, मृताचा व्यवसाय. मी क्षणभरही थांबलो नाही. वळणदार अक्षरात लिहिलं, 'घरकाम'.

पेन टेकवताना माझ्या नखाखाली तुझ्या खळ्यातलं भाताचं तूस होतं!

शालीचा फोटो दादरच्या मंडळींनी ग्रुपवर टाकला. परवा सुलूचा फोन आला. तुझी लेक, तुझ्यासारखीच हळू बोलते आणि तुझ्यासारखंच कापते.

"काका, फोटो बघलंय. शाल बरी दिसता तुमका."

मी म्हणालो, "हो गं, त्यांनी आग्रहच..."

"आयेक पण दाखवलंय. फोटोपुढे मोबाईल धरलंय."

मी मूर्खासारखं विचारलं, "काय म्हणाली?"

"काय म्हणतली? गप रवली. नेहमीसारखी."

खिडकीपलीकडे फट्-फट् चालूच होतं. शेवटी ती म्हणाली, "काका, एक सांगतंय, रागावा नको. यंदा माजा नाव लागला नाय, तर मी पेरूचंय नाय."

"अगं, आणि वालय?"

"संपात. माका आयेसारख्या मराक नको. राबाचा मी, आणि इचारल्यानी तर मी कोण? हय रवतंय, इतक्याच?"

ती खरंच पेरणार नाही, वयनी. तुझी मुलगी आहे. तिने ठरवलं की चुलीवरची मुडी तशीच राहणार, आणि मग एक दिवस त्यातले दाणे शिजवायच्या तरी कामाचे राहतील का? एवढे पावसाळे तू जे जगवलंस ते माझ्या एका सहीपायी मरणार. मी दादरच्या त्या मंडळींतल्या एका बाईंना फोन करून सांगितलं, पिशवीवरचं माझं नाव काढा, मी शेतकरी नाही, मला लावणीचं अंतरसुद्धा ठाऊक नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका. आमच्या यादीतले बरेच शेतकरी परळ-काळाचौकीलाच राहतात." म्हणजे त्यांच्या प्रत्येक पिशवीमागे कुठे ना कुठे पाण्यात उभी असलेली एक बाई आहे. अधिकारी साहेब ज्यांना मध्यभागी बसवणार होते, त्यांना बोलवायला निरोप पाठवायचा तरी कुठल्या पत्त्यावर? यादीत तर आम्ही आहोत!

त्याच संध्याकाळी मी सुलूला उलट फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ती भीती सांगितली. म्हटलं, "सुलू, नाव दिलं की मग मी गावात पाहुणाच गं."

ती म्हणाली, "मगे आजपर्यंत कोण होतात?"

मी फोन कानापासून दूर धरला. तिकडून तिचा आवाज येतच होता, आता जरा मऊ झालेला. "आणि काका, तुमचा नाव काढूक कोणी सांगल्यान? आमचा घाला म्हणतंय मी. आये पण ताच सांगी."

घाला! काढा नव्हे!

तू फक्त शेजारी जागा मागत होतीस? एवढंच? आणि मी इतकी वर्षं दारात आडवा उभा राहिलो, तू मला बाहेर काढणार म्हणून? वयनी, तू हे मला ओरडून का नाही सांगितलंस? माझ्या पानात घावन वाढताना, तव्यावरून थेट, एकदा तरी हात थांबवून का नाही म्हणालीस, "भावजी, तुमका कोण काढता?" की सांगितलंस, आणि मी तेव्हाही दुसऱ्या कुठल्या ओळीला यमक शोधत होतो?

तुझ्याकडून उत्तर येणार नाही. सूपही आता, हे लिहिताना, वाजत नाहीये. ते थांबलंय हेच मला जास्त भीतीचं वाटतंय. माणूस पाखडताना थांबतो तो कुणीतरी अंगणात आलं की मान वर करून बघायला.

म्हणून हे लिहून देतो. शिमगा होऊन गेलाय, गणपतीला अवकाश आहे. येत्या बुधवारी, कुठलाही सण नसताना, मी गावात उतरणार आहे. गुरुवारी कचेरी उघडी असते, विचारून घेतलंय. वंशावळ मीच लिहीन, दादाच्या नावापुढे तुझं, पूर्ण नाव. त्याआधी 'मयत' लिहावं लागेल. तो शब्द लिहिताना माझा हात थांबला तर थांबू दे. सुलूची सही आधी होईल, मग माझी. फेरफार मंजूर होऊन कागद हातात पडेपर्यंत मी मुंबईला परतणार नाही, कितीही दिवस लागोत. तलाठ्याला सांगणार आहे, तिचं नाव वर घ्या, माझं खाली. तू माझ्या नावाखाली अख्खं आयुष्य काढलंस. माझं जे काय उरलंय, ते मला तुझ्या लेकीच्या नावाखाली काढू दे.

तुझा धाकटा भावजी,
मनोहर